सुरुवात होम्सपासून की पॉयरोपासून?

शेरलॉक होम्स हा कॉनन डॉयल यांचा गुप्तहेर, पॉयरो अगाथा ख्रिस्ती यांचा. दोघांच्याही मालिका लांबलचक आहेत, त्यामुळे कुठूनही एखादं पुस्तक उचललं तरी चालतं. पण पहिल्या पुस्तकाची मजा वेगळी असते. लेखकालाच अजून आपल्या नायकाचा अंदाज आलेला नसतो. म्हणून होम्सचं पहिलं 'अ स्टडी इन स्कार्लेट' आणि पॉयरोचं पहिलं 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' यांपैकी आधी कुठलं, हे ठरवणाऱ्यांसाठी हा खटाटोप.

आपल्याकडे दिवाळी अंक निघतात तसे तिकडे नाताळ अंक निघायचे. त्यातल्याच एका अंकात १८८७ साली होम्स अवतरला. सगळे हक्क विकून कॉनन डॉयलना मिळाले २५ पौंड. गोष्ट सांगणारा डॉक्टर वॉटसन पहिल्याच पानावर मुंबईत उतरतो, तिथून कंदाहार गाठतो, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत खांद्यात गोळी खातो आणि लंडनला परततो. (पुढच्याच कादंबरीत ही जखम पायात सरकते. डॉयलना तपासायचा कंटाळा!) मग हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतली ती भेट. होम्स हात मिळवतो आणि 'तुम्ही अफगाणिस्तानात होता तर' असं सहज म्हणून जातो. वॉटसन चकित होतो, पण ह्याला त्याचं काहीच नाही. तो वॉटसनला बाहीला धरून टेबलाकडे ओढतो, स्वतःच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब लिटरभर पाण्यात टाकतो आणि पाण्याचा रंग बदलला की लहान मुलासारखा टाळ्या पिटतो. मृतदेह अजून दिसलेलाही नसतो, तरी आपण ह्या माणसाच्या मागे जायला तयार झालेलो असतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेही त्याच्या गावी नाही. कळल्यावर म्हणतो, आता हे विसरायचा प्रयत्न करतो!

पण सात प्रकरणं झाली, खुनी बेड्यांत अडकला, पान उलटलं की एकदम अमेरिकेतलं वाळवंट. पुढची पाच प्रकरणं होम्सचं नावही नाही. मॉर्मन या ख्रिश्चन पंथाची वस्ती, जबरदस्तीचं लग्न, सूड अशी वेगळीच कादंबरी सुरू होते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बांधणाऱ्याने दुसऱ्या पुस्तकाची पानं घातली की काय, अशी शंका आली होती. शिवाय वाचकाला खुनी ओळखायची संधी जवळजवळ नाहीच. जादूगाराचा प्रयोग बघावा तसं बघत राहायचं.

स्टाइल्सची तऱ्हा उलटी. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या डिस्पेन्सरीत काम करत होत्या, आणि ते पानोपानी जाणवतं. स्ट्रिक्नीन हे विष कडू लागतं, मग ते खून झालेल्या बाईच्या पोटात गेलं कसं आणि परिणामाला इतका वेळ का लागला, यावर सगळं कोडं उभं आहे. खोलीत पायाखाली चुरा झालेला कॉफीचा कप, सतरंजीवरचा डाग, दाराच्या कडीत अडकलेला हिरवा धागा. पॉयरो हे सगळं आपल्यासमोर मोजून ठेवतो. स्टाइल्स नावाच्या त्या घराचा नकाशासुद्धा छापलेला आहे. तरी आपण गोष्ट सांगणाऱ्या त्याच्या मित्राइतकेच, हेस्टिंग्जइतकेच चकतो, आणि हेस्टिंग्ज पुरता भोळा सांब.

पॉयरो इथे बेल्जियमहून आलेला निर्वासित आहे, आणि ज्या बाईच्या आसऱ्याने तो गावात राहतोय तिचाच खून झालाय. उपकाराची ही फेड पुढच्या कितीतरी पुस्तकांत सापडत नाही. उणीव एकच: घरातली माणसं सुरुवातीला एकमेकांत मिसळतात. दोन भाऊ, बायका, मैत्रिणी, डॉक्टर. पहिल्या चाळीसेक पानांत मला नावं कागदावर लिहून घ्यावी लागली.

हे पुस्तक आधी बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलं. १९२० साली अमेरिकेत निघालं, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये. ख्रिस्तीबाईंच्या हातीही त्याचे २५ पौंडच पडले!

कादंबरी म्हणून माझं मत स्टाइल्सला. शेवटपर्यंत डोकं चालवायची हौस असेल तर तेच घ्या. पण कोडी सोडवायचा कंटाळा असेल, एखाद्या विक्षिप्त माणसाची सोबत हवी असेल, तर होम्स. अमेरिकेची प्रकरणं भरभर वाचलीत तरी मी कुणाला सांगणार नाही. नंतर थेट लघुकथांकडे वळा, तो खरा फुलतो तिथेच.

पॉयरोचं मात्र पुढे कुठल्याही क्रमाने वाचलं तरी बिघडत नाही. फक्त १९७५ चं 'कर्टन' मागे ठेवा. त्यात तो आणि हेस्टिंग्ज पुन्हा स्टाइल्सलाच येतात, आणि तेव्हा ते घर तुमच्या ओळखीचं असायला हवं.