फिश टँकखाली काय: सागवानी टेबल, टीव्ही युनिट की लोखंडी रॅक?

३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत काठोकाठ १०६ लिटर पाणी मावते. ८ मिमी काच साधारण २४ किलो, वर १५-२० किलो वाळू. म्हणजे भार दीडशे किलोच्या घरात. दोन माणसे टेबलावर उभी राहिली म्हणून ते टाकीला चालेल असे धरू नका. माणसे खाली उतरतात, पाणी उतरत नाही.

टीव्ही युनिट आधीच बाद करा. पार्टिकल बोर्डची (लाकडाचा चुरा दाबून केलेली) फळी सततच्या भाराने मधोमध वाकते आणि कापलेल्या कडेतून ओल शिरली की फुगून स्क्रू सोडते. आत प्लायचे उभे टेकू देता येतात, पण मग स्टँड त्या प्लायचाच झाला. युनिट नुसता बुरखा.

सागवानी टेबलाचे पाय वजनाला डरत नाहीत. दगा देते ती आडवी हालचाल. कोपरा धरून ढकला. डुलले तर सांधे सोडवा, जुना सरस खरवडा, फेव्हिकॉल लावून २४ तास शिकंज्यात ठेवा. मग मागच्या दोन पायांना १२ मिमी प्लायची पूर्ण पाठ, दर ६ इंचांवर स्क्रू. डुलणे खरे थांबवते ती ही पाठ. नुसत्या आडव्या पट्ट्यांवर भागत नाही. टेबल ४ फुटी असेल तर टाकीची टोके पायांच्या आत पडतात आणि भार फळीवर येतो. तिथे प्रत्येक टोकाखाली पुढे-मागे एकेक, असे ४ उभे टेकू द्या. ते जमिनीवर टेकून फळीला घट्ट भिडले पाहिजेत; स्क्रूवर लटकलेला टेकू कुचकामी. वर १९ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्का पाहून.

भोकांच्या अँगलचा रॅक स्वस्त पडतो, पण फळीचा सगळा भार बोल्टवर. २ फुटी टाकीला कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रे आणि मागे फुलीच्या पट्ट्या मारून भागते. ३ फुटांसाठी वेल्डरकडून वरची चौकट थेट उभ्या अँगलच्या डोक्यावर बसवून घ्या, त्यावर प्लाय. गंज घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारा. समुद्री, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर लोखंड नकोच.

घरात सागवान असेल तर ३ फुटांपर्यंत तेच घ्यावे. ४ फुटी, दीड फूट रुंद-उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी असते. तिथे जुन्या सामानाची काटकसर नको.

लेव्हल साधायची ती पायांखाली पाचर देऊन, टाकीखाली नव्हे. तळ उघड्या काचेचा, म्हणजे खाली चौकट नसलेला असेल तर खाली १० मिमी थर्मोकोल. त्याने बारीक खडबड झाकते, वाकलेली फळी नाही. आधी तिसरा हिस्सा भरा, लेव्हल पाहा, मग बाकीचे. मासे सोडण्याआधी दोन दिवस भरलेली ठेवून फळीखाली ताणलेली दोरी धरा. मध्यभागी फळी दोरीला टेकून दाबत असेल तर टाकी रिकामी करून मधला टेकू वाढवा.