नायट्रिक ऑक्साइड सोडणारे सिलिका कण: अमाइनची वाट धरावी की थायॉलची?

एम.एस्सी.ला हा विषय घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एमसीएम-४१ करू की एसबीए-१५? (दोन्ही सूक्ष्म छिद्रांच्या सिलिकाचे प्रकार.) त्यावर फार वेळ घालवू नका. एसबीए-१५ ची छिद्रं ५ ते १० नॅनोमीटरची आणि भिंती जाड, पण कण सहसा मायक्रॉनच्या घरातले. आपला नायट्रिक ऑक्साइडचा रेणू एवढासा. त्याला एमसीएम-४१ ची २ ते ४ नॅनोमीटरची छिद्रं पुरतात. सीटॅब (छिद्रांचा साचा होणारा साबणासारखा पदार्थ) आणि टीईओएस (ज्यापासून सिलिका बनते तो द्रव) वापरून शंभरेक नॅनोमीटरचे कण करा आणि पुढे चला.

खरा निर्णय वायू बांधायचा कसा, हा आहे. छिद्रांत वायू सिलिंडरसारखा भरलेला असतो असं अनेकांना वाटतं. तसा भरला तर क्षणात निसटेल. म्हणून सिलिकाच्या भिंतीवर आधी अमाइन (नायट्रोजनचा गट) किंवा थायॉल (गंधकाचा गट) लावायचं आणि त्याला नायट्रिक ऑक्साइडची गाठ मारायची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात रसायनशास्त्रज्ञ मार्क शोनफिश यांच्या गटाने दोन्ही वाटांनी सिलिका कण केले आहेत, तेव्हा दोन्ही चालतात यात शंका नाही. आपल्या कोल्हापुरातल्या लॅबला कुठली परवडते, एवढंच बघायचं.

अमाइनची वाट म्हणजे डायझेनियमडायोलेट नावाची गाठ. दुय्यम अमाइनच्या एका गाठीत वायूचे दोन रेणू बसतात, आणि पाणी-प्रोटॉन मिळाले की गाठ आपोआप सुटते. अमाइन बदललं की वेगही बदलतो: शरीराच्या तापमानाला आणि ७.४ पीएचला प्रोली-नो या गाठीचा अर्धआयुष्यकाळ (अर्धी गाठ सुटायला लागणारा वेळ) सुमारे २ सेकंद, तर वेगळ्या अमाइनच्या डीटा-नोचा सुमारे २० तास. वेगावर इतका ताबा थायॉलमध्ये मिळत नाही, हे कबूल. पण गाठ मारायला दाब सोसणारा रिॲक्टर, सोडियम मेथॉक्साइड आणि विषारी वायूचं सिलिंडर लागतं. आधी आर्गॉनने ऑक्सिजन नीट हाकलला नाही तर तपकिरी धूर दिसतो आणि काम बिघडतं. शिवाय पाण्यानेच सुटणारी ही गाठ, आणि आपल्याकडचा जुलै! एकदा वजन करताना मी बाटली जरा जास्तच वेळ उघडी ठेवली. आषाढातल्या पापडासारखी पावडर सादळली आणि तिच्यातला वायू मोजायच्या आधीच संपला. त्या आठवड्यात डेसिकेटरमधली निळी सिलिका जेलसुद्धा गुलाबी पडली होती.

थायॉलच्या वाटेत मर्कॅप्टोसिलेन (थायॉल असलेलं सिलिकॉनचं संयुग) लावलेले कण थंडाव्यात, आम्लात, सोडियम नायट्राइटसोबत ढवळायचे. पांढरी पावडर गुलाबी होते, आणि काम झाल्याचं डोळ्यांनाच कळतं. दाब नाही, सिलिंडर नाही. ही गाठ उजेड, उष्णता आणि तांब्याच्या आयनांनी सुटते. म्हणून बाटलीला फॉइल, साठवण फ्रीजरमध्ये आणि बफरमध्ये तांब्याचे आयन पकडून ठेवणारं थोडं ईडीटीए. अडचण मोजणीत येते. ग्रीस चाचणी सुटलेला वायू थेट नाही, तर त्याचं पाण्यात झालेलं नायट्राइट मोजते, आणि कणांना चिकटून राहिलेलं नायट्राइटही ५४० नॅनोमीटरला तसाच गुलाबी रंग देतं. नीट धुतलं नाही तर आकडा झकास येतो, पण तो खोटा असतो. शेवटच्या धुण्याच्या पाण्याचीही ग्रीस चाचणी करा. रंग येत असेल तर अजून धुवा.

दोन्ही वाटांत एक चूक सारखीच होते. सीटॅब काढायचं म्हणून कण ५५० अंशांवर भाजतात. अमाइन-थायॉल आधीच लावलेलं असेल तर तेही जळून जातं. अशा वेळी आम्ल घातलेल्या इथेनॉलनेच सीटॅब काढा, आणि पुरतं काढा. नाहीतर चाचणीतल्या पेशी सीटॅबने मरतील आणि श्रेय नायट्रिक ऑक्साइडला जाईल. तुलनेसाठी वायू न बांधलेले तेच कण चाचणीच्या ताटलीत शेजारच्या खान्यात हवेतच.

वायूच बदलू का, असंही काही जण विचारतात. कार्बन मोनॉक्साइड मी टाळेन. त्याचे बरेचसे दाते (वायू सोडणारे रेणू) धातूचे, मग उरलेल्या धातूचा हिशेब कोण देणार? हायड्रोजन सल्फाइडचा विचार करायला हरकत नाही. लसणातल्या डायअॅलिल ट्रायसल्फाइडपासून, पेशीतल्या ग्लुटाथायोनच्या मदतीने, तो सुटतो. फक्त प्रयोगाचा वास तांबड्या रश्श्यासारखा खमंग नसतो. शेजारची लॅब तक्रार करते.

माझा कौल: एक वर्षाचा प्रोजेक्ट असेल तर थायॉल. पीएच.डी. असेल, रिॲक्टर हाताशी असेल आणि औषध किती तास चालावं हाच प्रश्न असेल, तर अमाइन. पण मग वायू बांधायचं काम दिवाळीनंतरच काढा. टीईओएसची बाटलीही नवीच मागवा. गेल्या पावसाळ्यात उघडलेल्या बाटलीतून सारखे कण निघत नाहीत.