चढ काढायचा: सूत्राने की उभ्या वजाबाकीने?

अकरावीला ‘स्ट्रेट लाइन्स’ सुरू झाले की फोंड्यातली शिकवणी असो वा म्हापशातली, दोन बिंदूंवरून रेषेचा चढ, म्हणजे स्लोप (वायमधला फरक भागिले एक्समधला फरक), काढायच्या दोन तऱ्हा वह्यांत दिसतात: सूत्रात किमती घालणे, नाहीतर बिंदू एकाखाली एक लिहून वजा करणे. आलेखाचे चौकोन मोजण्याची तिसरी तऱ्हा फिजिक्सच्या प्रात्यक्षिकापुरती.

सूत्र उत्तरपत्रिकेत शोभते आणि तपासणाऱ्यालाही सोयीचे. ऋण निर्देशक आले की मात्र अडचण होते. (−३, ५) आणि (२, −५) घ्या. छेदात २ − (−३) हवे. घाईत कंस गळतो, छेद ५ ऐवजी −१ होतो आणि चढ −२ च्या जागी १० निघतो. उतरती रेषा चढती झाली! हा कंस इतक्या वह्यांत गळलेला दिसतो की माझे मन उभ्या मांडणीकडे कलले ते त्याच्यापायीच.

तिच्यात वर (२, −५), खाली (−३, ५) लिहायचे, खालच्या ओळीची सगळी चिन्हे बदलायची आणि बेरीज करायची: ५ आणि −१०. दहावीत एकसामयिक समीकरणांना करतात तेच. अख्खी ओळ एकदम बदलते, त्यामुळे अंशात एक क्रम नि छेदात दुसरा असे होत नाही. खोड एकच. एक्सचा फरक आधी मिळतो, म्हणून दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. उलटे भागून −१/२ लिहिणारे असतातच. स्तंभांवर ‘एक्स’, ‘वाय’ लिहिले की बहुधा टळते. पहिला फरक शून्य आला तर रेषा उभी. तिथे चढ शून्य लिहू नये, तो अव्याख्येय.

कोणता बिंदू वर? कोणताही. चोर्ला घाट साखळीकडून चढतो, बेळगावकडून उतरतो, म्हणून अदलाबदलीने चिन्ह फिरेल असे मुलांना वाटते. पण दोन्ही फरक एकदमच उलटतात, भागाकार तोच राहतो.

आलेखावर चौकोन मोजू नयेत, कारण दोन अक्षांचे प्रमाण क्वचितच सारखे असते. लंबकाच्या आलेखात लांबी मीटरमध्ये आडवी, आवर्तकालाचा (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग उभा घेतला तर चढ ४.०३ च्या आसपास यावा. बिंदू ०.१० मीटर अंतरावर घेतले आणि उभ्या अक्षावर ०.०५ ची चूक झाली, तर चढ ०.५ ने हलतो, ०.८० मीटरवर घेतले तर जेमतेम ०.०६ ने. तेव्हा रेषेवरचेच, पण लांबलांबचे बिंदू घ्या, अक्षांवरून किमती वाचा आणि त्या एकाखाली एक लिहा.