जुनी लष्करी दुर्बीण ऑनलाइन घेताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर ऑनलाइन घेतलेली दुसऱ्या महायुद्धातली ६×३० (सहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ३० मिलिमीटरची) ब्रिटिश लष्करी दुर्बीण, नं. २ मार्क २, आठ महिने माझ्याकडे आहे. साडेसहा हजारांना पडली. हिवाळाभर नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, ती गळ्यात होती. वस्तू अस्सल आहे, पण एकसंध नाही. दोन वेगळ्या दुर्बिणींचे भाग जोडून ती उभी केली आहे.

पहिल्याच आठवड्यात पैठणच्या बाजूला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघत होतो. दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. ऊन लागलं असेल, असं वाटलं. पुढच्या रविवारीही तेच. मग गच्चीवरून समोरच्या विजेच्या आडव्या तारेवर दुर्बीण रोखली आणि डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब नेली. दोन्ही वर्तुळांतली तार एका रेषेत राहायला हवी. माझ्या दुर्बिणीत उजवीकडची तार चक्क खाली उतरली होती. थोडी तफावत डोळे ओढूनताणून जुळवून घेतात, त्यामुळे दोन चित्रं लगेच दिसत नाहीत. दुखतं ते डोकं.

विक्रेत्याने फोटो पाठवला होता तो एकाच झाकणपट्टीचा. प्रिझमवरच्या (आतल्या तिकोनी काचेवरच्या) त्या पट्टीवर कंपनीचं नाव, १९४१ साल, नंबर आणि ब्रिटिश सरकारी मालकीचा बाण. मी त्यावरच भाळलो. हातात आल्यावर दुसरी पट्टी पाहिली, तर तिथला बाण इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आत. ती कॅनडाची खूण. पण नुसत्या पट्टीवरून निकाल देऊ नये, कारण पट्टी बारक्या स्क्रूंवर बसते आणि कुणीही बदलू शकतो.

खरी ओळख भिंगांतून पटते. ट्यूबलाइटखाली दुर्बीण धरा आणि पुढच्या दोन्ही भिंगांत तिचं प्रतिबिंब बघा. कोटिंग (चकाकी कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेवर ते पांढरं दिसतं, कोटिंग असेल तर निळसर-जांभळं. माझ्याकडे डावीकडे पांढरं, उजवीकडे निळसर. कोटिंगचं तंत्र झाइस या जर्मन कंपनीत १९३५ साली निघालं, पण युद्धकाळातल्या बऱ्याच ब्रिटिश दुर्बिणी त्याविनाच बनल्या. त्यामुळे १९४१च्या दुर्बिणीत एकच भिंग निळसर असेल, तर ते नंतर आलेलं आहे असं मी धरतो. अंगावरच्या काळ्या आवरणाचं दाणेदार पोतही दोन्ही बाजूंना वेगळं निघालं. फोटोत हे दिसलं असतं, मी नीट पाहिलं नाही.

गुलमंडीजवळ जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. आटे तपासून ते म्हणाले, “सर, ह्या दोन बाजू एका घरच्या नाहीत. पण बसवता येतील.” दोन दिवस लावून त्यांनी पुढची भिंगं फिरवून जुळवली. नऊशे रुपये घेतले. आता तासभर बघितलं तरी डोकं दुखत नाही.

भाग बदललेले असणं म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूक, असं मात्र मी म्हणणार नाही. लष्करी कार्यशाळांतही मोडलेला भाग काढून दुसरा बसवत असत. भारतात अशा दुरुस्तीसाठी १९४३ साली लष्कराची स्वतंत्र शाखा (कोअर) उभी राहिली. चामड्याच्या पेटीवरचं साल वेगळं असेल, तर मी ते दोषात धरत नाही. प्रश्न असतो तो भाग बदलल्यावर दोन्ही नळ्या जुळवल्या का, हा.

वापरायला दुर्बीण फार आवडली. प्रकाश बाहेर पडतो तो झोत पाच मिलिमीटरचा, त्यामुळे भल्या पहाटेही पाण्यावरचे पक्षी ओळखू येतात. आतल्या बारीक रेघा अर्ध्या अंशाच्या अंतरावर आहेत. एक किलोमीटरवर तेवढ्यात सुमारे पावणेनऊ मीटर मावतात, म्हणून दूरच्या झाडाची उंची अंदाजता येते. मावळतीकडे रोखली की कोटिंग नसलेल्या डाव्या बाजूला दुधट झाक येते. प्रत्येक डोळ्याचा फोकस वेगळा फिरवावा लागतो, त्यामुळे जवळून उडणारा पक्षी पकडणं अवघड जातं.

मागच्या आठवड्यात परभणीच्या भाच्याला अशीच एक दुर्बीण पसंत पडली. त्याला दुसऱ्या पट्टीचा आणि ट्यूबलाइटखालचा फोटो, शिवाय तारेवर रोखलेला व्हिडिओ मागायला सांगितला. पट्टीचा फोटो आला आहे. बाकीचं येईपर्यंत पैसे पाठवू नको, असं मी त्याला बजावलं आहे.