तारीख आतल्या बाजूला: ट्रेलरच्या टायरांत झालेली फसवणूक

माझ्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरासाठी, चार टायर मला नवे म्हणून विकले गेले. ते नवे नव्हते, ट्रेलरला हवे तेवढे दणकटही नव्हते, आणि पावतीवर पैसे लावलेल्या निम्म्या गोष्टी चाकांवर नव्हत्याच. यातली एकही लबाडी फार हुशारीची नाही. ट्रेलरचा टायर एकदा बसला की त्याच्याकडे वाकून कुणी बघत नाही, एवढ्या एका भरवशावर सगळा धंदा चालतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ट्रेलर दोन ॲक्सलचा, म्हणजे चार चाकं. त्याच्या बाहेरच्या बाजूला कंपनीचं लेबल आहे: टायर एसटी २२५/७५ आर १५, लोड रेंज (वजन पेलण्याची ताकद) डी, थंड टायरात हवेचा दाब ६५ पीएसआय. यातलं ‘एसटी’ म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर. त्याला गाडी खेचायची नसते, वळवायचीही नसते. नुसतं वजन पेलायचं असतं आणि वळणावर फरफट सोसायची असते. अरुंद जागेत ट्रेलर वळवताना एखाद्या चाकाकडे बाजूने बघा. पुढचं आणि मागचं चाक एकमेकांच्या विरुद्ध आडवी घासटतात आणि टायरची भिंत, म्हणजे त्याची बाजू, अक्षरशः पिळवटून निघते. हवा कमी असेल तर हा पीळ वाढतो, टायर तापतो, आणि आतले तारांचे पट्टे हळूहळू रबरापासून सुटू लागतात.

खरी मेख त्या ‘डी’मध्ये आहे. एकाच मापाचा हा टायर सी, डी आणि ई अशा तीन ताकदींत मिळतो. सी असेल तर ५० पीएसआयला ९७५ किलो, डी ६५ ला ११५० किलो, ई ८० ला १२८५ किलो. हे वजन एका टायरचं. शेजारी ठेवले तर तिन्ही सारखेच काळे, सारखेच गोल. मापाचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि ताकदीचं अक्षर बारीक. विकणाऱ्याला आणखी काय हवं?

दुकानात मला जो टायर दाखवला तो डी होता. मी स्वतः वाचला होता, तारीखही ताजी होती. ‘मॅडम, हेच चार लावतो, तुम्ही तोवर आत बसा,’ असं सांगून ट्रेलर मागच्या आवारात नेला. लावलेले चारही सी निघाले. पावतीवर ‘२२५/७५-१५ ट्रेलर टायर, नवे, नग ४’ एवढंच लिहिलेलं. लोड रेंजचा पत्ता नाही. तेव्हा ते वगळणं घाईतलं वाटलं. आता वाटतं, त्या पावतीतली सगळ्यात काळजीपूर्वक केलेली गोष्ट तीच असावी.

लक्षात आलं ते हवा तपासताना. ट्रेलर हाती देताना तिथल्या माणसाने चारही चाकांत चाळिशीच्या घरातली हवा ठेवली होती. मी ६५ म्हटलं, तर म्हणाला, ‘एवढी भरलीत तर उन्हात फुटेल. गरम झाल्यावर ती आपोआप वाढते, म्हणून आम्ही कमीच ठेवतो.’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि पूर्ण चुकीचं आहे. कंपनीने दिलेला आकडा थंड टायराचाच असतो. चालताना प्रेशर किती चढेल ते त्यात आधीच धरलेलं असतं. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने आणि जादा वजनाने, कारण भिंत जास्त वाकते आणि वाकण्यानेच उष्णता तयार होते. तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्रेसर लावला, गेज धरलं आणि सवयीने भिंतीवरचं वाचलं. जास्तीत जास्त वजन ९७५ किलो, ५० पीएसआय. मग दुसरं चाक. मग उरलेली दोन.

म्हणजे त्या माणसाला हे टायर कोणते ते पक्कं ठाऊक होतं. ६५ भरायला तो का तयार नव्हता, ते आत्ता उलगडलं. उन्हाची गोष्ट माझ्यासाठी रचलेली होती.

पुढचा प्रश्न तारखेचा. बैल घेताना दात बघतात, तशी टायर घेताना डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ बघायची. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. उदाहरणार्थ ३४१७ असेल तर २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. २००० सालापूर्वीच्या टायरांवर तीनच आकडे असत. तसा टायर कुणी दाखवलाच तर पुढे काही बोलायची गरज नाही. पण ही पूर्ण ओळ टायरच्या दोन्ही भिंतींवर असेलच असं नाही. एका बाजूला पूर्ण असली तरी दुसरीकडे बऱ्याचदा अर्धवटच असते, तारखेशिवायची. माझ्या चारही चाकांवर बाहेरच्या बाजूला ती अर्धवट ओळ. एका चाकाचं तसं झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं.

टॉर्च घेऊन ट्रेलरखाली गेले, तर आतल्या बाजूला चारही तारखा नीट उठून दिसत होत्या. बसवले त्या दिवशीच सगळ्यात ‘तरुण’ टायरला सहा वर्षं उलटून गेली होती. ट्रेलरचे टायर सहसा झिजून बाद होत नाहीत, वयाने बाद होतात. ट्रेलर महिनोन्महिने एका जागी उभा असतो, रबर ऊन आणि हवेतला ओझोन खात बसतं, आणि वरच्या खाचा मात्र कोऱ्या करकरीत दिसत राहतात. त्यावर चकाकी आणणारं काळं पॉलिश फासलं की बारीक भेगाही लपतात. मी कोपऱ्यात ओलं फडकं घासलं तेव्हा फडकं काळं झालं आणि भेगा वर आल्या. आणि ते रबराचे केसासारखे धागे, जे बघून आपण ‘अजून धागेपण गेले नाहीत’ म्हणतो, ते गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या टायरवरही तसेच असतात. त्यांच्यावरून टायर वापरलेला नाही एवढंच कळतं.

व्हॉल्व्हची गंमत वेगळीच. पावतीत ‘हाय प्रेशर मेटल व्हॉल्व्ह’ म्हणून वेगळी रक्कम होती. चाकांवर चमकणारे व्हॉल्व्ह दिसतही होते. खरा धातूचा व्हॉल्व्ह रिमला नटने आवळलेला असतो, बुडाशी नट आणि वायसर दिसतो. माझ्या व्हॉल्व्हला बोटाने बाजूला दाबलं तर तो वाकला. साधा रबरी व्हॉल्व्ह, वरून चमकदार नळकांडं चढवलेलं. असे साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचे असतात. लोड रेंज ई टायरला ८० भरणाऱ्या एखाद्याला हेच ‘मेटल’ म्हणून लावले असते तर? मला ते विकले, म्हणजे त्यालाही विकलेच असणार.

पावतीत हवेऐवजी नायट्रोजन भरल्याचेही पैसे होते, त्याबद्दल दोनच वाक्यं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि माझ्या टायरांत भरलेला ‘नायट्रोजन’ दुकानातल्या नेहमीच्या कॉम्प्रेसरच्या नळीतून आला होता, कारण ट्रेलर परत घेताना शेवटची हवा माझ्यासमोर त्याच नळीने भरली. बॅलन्सिंगचेही, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाक समतोल करण्याचेही, पैसे लागले होते. रिमला आतून-बाहेरून कुठेही वजनाचा तुकडा नव्हता. चारपैकी एकाही चाकाला वजन लागू नये हे फारच भाग्य म्हणायचं.

पावती आणि फोटो घेऊन गेले तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी आधी तारखेवर हसून दाखवलं (‘मॅडम, तारीख औषधाची बघतात’), मग कागदावर हिशेब मांडला. ट्रेलरचं भरलेलं वजन ४,१०० किलो, त्यातले ४९० गाडीच्या हुकवर, उरले ३,६१०. सी टायरचे चार गुणिले ९७५ म्हणजे ३,९००. ‘उलट तीनशे किलो शिल्लकच राहतात.’

हा हिशेब तुमच्यासमोरही मांडला जाईल, म्हणून तो का खोटा आहे ते सांगते. वजन चार चाकांवर सारखं वाटलं जात नाही. एका बाजूला फ्रिज, शेगडी, पाण्याची टाकी; दुसऱ्या बाजूला नुसती बाकं. शिवाय हुकची उंची कमी-जास्त असेल तर एका ॲक्सलवर भार सरकतो. मी वजनकाट्यावर प्रत्येक चाक वेगळं तोलून घेतलं होतं आणि मागचं डावं चाक एकटंच १,०१० किलोचं निघालं. म्हणजे चौघांची बेरीज बसत असतानाही एक टायर पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या वर होता, आणि तोही चाळिशीच्या हवेवर, जिथे त्याची ताकद ९७५ हूनही कमी होते. भिंतीवर लिहिलेलं वजन पूर्ण प्रेशरला असतं. हवा कमी तशी पेलण्याची ताकद कमी. हे बोलल्यावर गृहस्थांनी कागद उलटा केला.

व्हॉल्व्ह, नायट्रोजन आणि बॅलन्सिंगचे पैसे परत मिळाले, कारण ते नाकारायला तोंडच नव्हतं. टायरांचे मिळाले नाहीत. ‘तुम्ही चालवलेत’ हे उत्तर, आणि पावतीवर ना लोड रेंज, ना डीओटी क्रमांक. तक्रार दाखल केली आहे, पण दाखवलेला टायर आणि लावलेला टायर वेगळा होता, हे सिद्ध करायला माझ्याकडे माझ्या शब्दाखेरीज काही नाही. तुम्ही दाखवलेल्या टायरचा, भिंतीसकट, फोटो काढून ठेवा. दुकानदाराला राग आला तर दुसरं दुकान बघा.

लावलेले टायर मी ६५ ला भरले नाहीत, हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्याच एका ओळखीच्यांनी ‘डीची हवा भर म्हणजे डीचं काम करेल’ असा सल्ला दिला. तसं होत नाही. भिंतीवरचा आकडा ही त्या टायरची वरची मर्यादा असते. रिमलाही स्वतःची मर्यादा असते, बहुधा ती मागच्या बाजूला कोरलेली असते. डीवरून ईवर जाताना ती वाचल्याशिवाय ८० भरू नये.

हवा भरताना मी आता काय करते तेही सांगते. ट्रेलर निदान तीन तास उभा असताना, एका बाजूवर ऊन पडायच्या आत मोजते. ६५ च्या टायरात साडेपाच अंश सेल्सिअसच्या फरकाने दीड पीएसआयच्या आसपास फरक पडतो, तेव्हा थंडीत बरोबर असलेली हवा उन्हाळ्यातही पुन्हा बघावी लागते. वाटेत थांबल्यावर गरम टायरात जास्त आकडा दिसला तर हवा सोडत नाही. नळीला पकडीचं तोंड लावून लांब उभी राहते, टायरच्या भिंतीसमोर नाही. आणि एखादा टायर ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली चाललेला असेल तर तो रिमवरून उतरवून आतून बघितल्याशिवाय त्यात पुन्हा हवा भरू देत नाही. आतली तार तुटलेली असेल तर तो भरतानाच फुटू शकतो, आणि तेव्हा शेजारी माणूस असतो.

नवे टायर दुसरीकडे घेतले. तिथे टायर रिमवर चढायच्या आधी चारही डीओटी ओळी आणि लोड रेंज पावतीवर लिहून घेतल्या, पूर्ण ओळ बाहेर ठेवायला सांगितली. चारपैकी एक टायर बाकीच्यांपेक्षा दोन वर्षं जुना निघाला. तिथल्या मुलाने कुरकुर न करता गोदामातून दुसरा आणला. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळायला यायचं, असं त्याने स्वतःहून सांगितलं. काढलेल्या सी टायरांपैकी दोन तक्रारीचा पुरावा म्हणून घरी ठेवलेत. उरलेले दोन तो ‘ठेवून घेऊ का’ म्हणत होता. मी आधी त्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मग माझ्यासमोर दोन्ही भिंती करवतीने चिरून घेतल्या आणि मगच ते भंगारात जाऊ दिले.