फ्लोचार्ट आणि ईआर आकृत्या: ड्रॉ.आयओ की मर्मेड?

फ्लोचार्ट आणि ईआर आकृत्या (डेटाबेसमधल्या टेबलांचं एकमेकांशी नातं दाखवणाऱ्या) काढायला सॉफ्टवेअर ठरत नसेल तर आधी एवढंच ठरवा: डबे माउसनं स्वतः मांडायचे, की मजकूर लिहून आकृती आपोआप काढून घ्यायची? पहिल्या पद्धतीसाठी ड्रॉ.आयओ, दुसरीसाठी मर्मेड. दोन्ही फुकट आहेत आणि ब्राउझरमध्ये चालतात. ऑफिसकडे व्हिजिओचा (मायक्रोसॉफ्टचं आकृत्यांचं सॉफ्टवेअर) परवाना असेल आणि आकृती बघणाऱ्या सगळ्यांकडेही असेल, तर तेच वापरा. शेकडो डब्यांचं जाळं असेल तर ग्राफविझ (हेही मजकुरावरून आकृती काढतं) अजूनही भारी आहे, पण रोजच्या कामाला ते जड पडतं.

मी नागपुरात अडत्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअरं करतो. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची गाडी लागली की आवक, लिलाव, तोल, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी) आणि खरेदीदाराचं बिल असा क्रम असतो. 2016 मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम झाला. त्यामुळे आकृतीत अडतीची रेघ पट्टीच्या टेबलाला नाही, बिलाच्या टेबलाला जोडावी लागते. अशी आकृती मी एकट्यासाठी काढत नाही. ती अडत्यापुढे आणि त्याचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींपुढे ठेवून तपासून घ्यावी लागते. माझी निवड ठरली ती याच कारणामुळे.

मर्मेडचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच कौतुकाजोगं आहे. चार ओळी लिहिल्या की फ्लोचार्ट तयार. ईआर आकृतीत एका शेतकऱ्याच्या अनेक आवका दाखवायच्या तर दोन दांड्या, रेघ, गोल आणि महिरपी कंस टाइप केला की झालं. फाइल साधा मजकूर असल्यामुळे गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवणारं साधन) कोणती ओळ बदलली ते लगेच दिसतं. गिटहबवर (गिटमधला कोड ठेवायची वेबसाइट) तर 2022 पासून ही आकृती थेट दिसते. ड्रॉ.आयओची फाइल म्हणजे एक्सएमएल, खुणांनी भरलेला मजकूर. एक डबा हलवला तरी गिट दाखवतं त्या फरकात आकडेच आकडे दिसतात, त्यातून काही कळत नाही. या बाबतीत मर्मेडला तोड नाही. बारीकसारीक अडचणी आहेतच: फ्लोचार्टच्या डब्यात इंग्रजी ‘एंड’ सगळी लहान अक्षरं वापरून लिहिलं तर आकृतीच मोडते. पण ती सवयीची गोष्ट आहे.

माझी अडचण वेगळी आहे. मर्मेडमध्ये डबा कुठे बसेल ते आपण नाही, मर्मेड ठरवतं. लिलाव आणि तोल यांच्यामध्ये फेरलिलावाची एक पायरी घातली की खालची सगळी मांडणी सरकते. उजवीकडची पट्टी डावीकडे जाते, रेघा एकमेकींना छेदायला लागतात. दिवाणजी मात्र आकृती जागेवरून ओळखतात. गेल्या वेळी जिथे बोट ठेवलं होतं तिथेच बोट जातं आणि विचारतात, “भाऊ, पट्टी इथं होती ना जी, कुठं गेली?” मग बदललेली एक पायरी समजावण्याऐवजी अख्खी आकृती पुन्हा पहिल्यापासून समजावावी लागते. दिशा बदलून, डब्यांचे गट करून थोडं सावरता येतं. पण पुढच्या बदलाला पुन्हा तेच.

ड्रॉ.आयओमध्ये मधे जागा करायला खालचे डबे हातानं सरकवावे लागतात, हे खरं. मोठ्या आकृतीत ते कंटाळवाणंही होतं. पण रेघा डब्यांना चिकटून येतात आणि बाकीचं जिथल्या तिथे राहतं. डेस्कटॉप आवृत्ती इंटरनेटशिवाय चालते, बाजारात नेटवर्क नसलं तरी काम अडत नाही. आणखी एक सोय मला फार आवडते: पीएनजी चित्र काढताना आकृतीची संपादन करता येणारी प्रत त्यातच ठेवायचा पर्याय निवडला, की तेच चित्र पुन्हा उघडून संपादित करता येतं. फक्त हे चित्र व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं तर आतली प्रत राहत नाही.

मराठी मजकुराबाबत एक सांगतो. ड्रॉ.आयओतून एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) काढून ते इंकस्केपसारख्या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये उघडलं तर अक्षरं नीट येतीलच असं नाही. अक्षरांना दिलेलं फॉरमॅटिंग आणि ओळ आपोआप मोडणं, हे दोन्ही पर्याय बंद केले तर बहुतेक जमतं. मी सरळ पीडीएफ देतो. माझ्याकडच्या फायलींत जोडाक्षरं त्यात बरोबर आली आहेत.

तुमच्या आकृत्या फक्त प्रोग्रामरच बघणार असतील आणि कोडसोबतच राहणार असतील, तर मर्मेड घ्या, मीही तिथे तेच वापरतो. आकृती कुणापुढे ठेवून “हे असंच चालतं ना?” असं विचारायचं असेल, तर मी ड्रॉ.आयओच सुचवेन. पहिला कच्चा आराखडा मर्मेडमध्ये लिहून ड्रॉ.आयओच्या ‘इन्सर्ट’मधून आत घेता येतो, त्यामुळे टाइप करायची सवय असलेल्यांनाही ते सोडून द्यावं लागत नाही.