डिकन्सवरची दोन नियतकालिकं: आधी कुठलं धरायचं?

माझी खानापूरची भाची राणी चन्नम्मा विद्यापीठात इंग्रजीत पीएच.डी. करते. विषय हप्त्याहप्त्यानं छापलेल्या कादंबऱ्यांचा. एका बाजूला चार्ल्स डिकन्स, दुसऱ्या बाजूला हरिभाऊ आपटे. गेल्या महिन्यात बेळगावात टिळकवाडीत घरी आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "मामा, एकट्या डिकन्सवर एवढी नियतकालिकं! मी कुठलं धरू?"

मी ग्रंथालयात हयात घालवलेला माणूस. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. कारण तिच्यासारखे संशोधक निपाणी-चिकोडीकडंही आहेत.

खरी निवड दोघांतच आहे, ‘द डिकन्सियन’ आणि ‘डिकन्स क्वार्टरली’. तिसरं ‘डिकन्स स्टडीज ॲन्युअल’. त्यात लांबलचक लेख असतात आणि वर्षभरातल्या डिकन्स-अभ्यासाचा आढावाही. प्रकरणं लिहायला बसाल तेव्हा ते उघडा.

‘डिकन्सियन’ वयानं थोरलं. लंडनमध्ये १९०२ साली डिकन्स फेलोशिप ही डिकन्सप्रेमींची संस्था स्थापन झाली आणि १९०५ पासून तिचं हे मासिक निघू लागलं. आता वर्षाला तीन अंक येतात. पहिले संपादक बी. डब्ल्यू. मॅट्झ हे चॅपमन अँड हॉलमध्ये, म्हणजे डिकन्सच्याच प्रकाशकाकडं नोकरीला होते. पहिल्या खंडावर ‘डिकन्सप्रेमींसाठी मासिक’ असं छापलंय, आणि तो स्वभाव अजून गेलेला नाही. नव्यानं सापडलेली पत्रं, चित्रकार, नाटकांची परीक्षणं, फेलोशिपच्या शाखांच्या बातम्या, सगळं एकाच ताटात. विद्यापीठातले काही लोक याला भक्तमंडळाचं पत्रक म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. डिकन्सच्या पत्रांची मोठी आवृत्ती २००२ मध्ये १२ खंडांत पुरी झाली. त्यानंतर सापडलेली पत्रं छापायचं काम याच मासिकानं केलं.

भाचीच्या विषयाला तर हे मासिक सोडून चालणारच नाही. डिकन्सची पहिली कादंबरी ‘पिकविक’ १८३६-३७ मध्ये दर महिन्याला एक हप्ता, एक शिलिंगला अशी विकली जायची. हिरवं वेष्टन, आत बहुतेक वेळा ३२ पानं, दोन चित्रं आणि पुढंमागं जाहिराती. पुढं पुस्तक बांधलं की वेष्टन आणि जाहिराती जायच्या. हे पाप मीही केलंय. जुन्या मासिकांच्या फायली बांधायला देताना "कव्हरं काढून टाका, जाड होतंय" असं बाइंडरला मीच सांगायचो. हप्त्यांचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी तीच पानं हवी असतात. असल्या बारीकसारीक वस्तूंचा नाद ‘डिकन्सियन’ला पहिल्यापासून आहे.

‘क्वार्टरली’चा नूर वेगळा. डिकन्स सोसायटी या अभ्यासकांच्या संस्थेचं हे त्रैमासिक १९८४ पासून या नावानं निघतं. त्याआधी १९७० पासून ते साधं वार्तापत्र होतं. इथं वस्तू सापडली एवढ्यावर भागत नाही, त्यातून तुम्ही काय सिद्ध करता ते विचारतात. पण नवख्या माणसाला मोठा आधार आहे तो ‘डिकन्स चेकलिस्ट’चा. डिकन्सवर नवं काय काय छापून आलं त्याची ही यादी. आपला विषय आधी कुणी उरकून टाकलाय का, हे दोन दुपारींत कळतं.

आता मिळण्याचं. ‘क्वार्टरली’ प्रोजेक्ट म्यूज या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर आहे, आणि म्यूज केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सामायिक वर्गणीच्या योजनेत. ही योजना जानेवारी २०२५ पासून सरकारी विद्यापीठांना लागू झाली. म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात लॉगिन विचारायचं, खिशातून काही जात नाही. ‘डिकन्सियन’चे सुरुवातीचे खंड इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट आहेत, नवे अंक मात्र वर्गणी भरून किंवा ओळखीपाळखीनं. इथं ‘क्वार्टरली’ सरळ जिंकतं.

लेख पाठवायचा झाला तर? डिकन्स-हरिभाऊ अशी तुलना असेल तर ‘क्वार्टरली’कडं. एखादं जुनं पत्र किंवा जाहिरात हाताला लागली असेल तर ‘डिकन्सियन’कडं. दोन्हीकडं तपासणीला महिने जातात, पण छापायचे पैसे कुणी मागत नाही. हे मुद्दाम सांगतोय. मागं व्हॉट्सॲपवरच्या एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलला मी दोन हजार रुपये मोजले आणि आठ दिवसांत लेख छापून आला. त्यात माझंच नाव चुकलं होतं. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद झाल्यापासून असल्या दुकानांना जोरच आलाय.

तर भाचीला सांगितलेला क्रम असा: आधी ‘क्वार्टरली’ची चेकलिस्ट, मग ‘डिकन्सियन’चे जुने खंड, आणि ते चाळताना ‘करमणूक’चे अंक शेजारी उघडे. हरिभाऊंनी ते पत्र १८९० मध्ये काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यातूनच हप्त्यांनी आली.

परवा तिचा फोन आला. करमणुकीची एक बांधीव फाईल मिळाली म्हणे. "पण मामा, ह्याला जाहिराती न्हाईतच की!"

बाइंडर कोण होता, ते मी विचारलं नाही.